टपाल डी ड्राइव्हवर

आमच्या ऑफिसात ईमेल ब्राउझरमध्ये कुणी उघडत नाही. वकिलीचं ऑफिस आहे, धरमपेठेत, तळमजल्यावर. सगळं टपाल थंडरबर्ड नावाच्या प्रोग्रॅममध्ये उतरतं आणि ऑफिसच्याच संगणकावर साठतं. नव्याने आलेली ज्युनिअर मुलं यावर हसतात. जीमेल खिशातल्या मोबाइलवर असताना हा जुना खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं. सरांचं उत्तर ठरलेलं आहे : "अशिलाचे कागद माझ्या कपाटात पाहिजेत. दुसऱ्याच्या कपाटात ठेवून किल्ली मागत फिरायचं नाही मला."

मी या ऑफिसात 2006 पासून आहे. आधी सरांची ज्युनिअर होते, आता बरोबरीने कामं बघते. पण संगणकाचं खातं पहिल्या आठवड्यात माझ्याकडे आलं ते आजवर सुटलेलं नाही. वकिलाला प्रिंटरचा कागद अडकला तर काढता यायला हवा, असं कुठल्याही लॉ कॉलेजात शिकवत नाहीत, शिकवायला हवं. 2025 च्या ऑक्टोबरात हे सगळं टपाल जुन्या संगणकावरून नव्या लॅपटॉपवर हलवलं. त्या कामात जे हाती लागलं, आणि त्याआधीच्या वर्षांत जे हातचं गेलं, ते लिहून ठेवते.

ईमेल प्रोग्रॅममध्ये घ्यायचा तर दोन रस्ते असतात, पॉप आणि आयमॅप. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. पोस्टमन पत्र घरात टाकून जातो, मग पोस्टात त्याची प्रत नसते; पॉपचं मूळ वागणं असंच. मेल तुमच्या संगणकावर उतरला की सर्व्हरवरून पुसला जातो. 'सर्व्हरवर प्रत राहू द्या' अशी सोय असते. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो आणि संगणक, मोबाइल, टॅब सगळीकडे तोच दिसतो. सोयीचं आहे, पण एकाने मोबाइलवर पुसला तर सगळीकडून जातो. म्हणून 'आयमॅप आहे, बॅकअपची गरज नाही' असं कुणी म्हणालं की मी त्याला आधी विचारते, तुझा पासवर्ड घरात कुणाकुणाला माहीत आहे?

सरांनी पॉप निवडलं ते विचार करून नव्हे. तेव्हा दुसरं काही परवडतच नव्हतं. बीएसएनएलचं संचारनेट, डायल-अप, मोडेमचा तो किरकिर आवाज, आणि फोन लागलेला असेपर्यंत मिनिटामिनिटाचा हिशेब. जोडणी करायची, मेल उतरवायचे, जोडणी तोडायची, मग निवांत वाचायचे. हे काम विंडोज एक्सपीसोबत फुकट येणारं आउटलुक एक्स्प्रेस करायचं. महाराष्ट्रातल्या निम्म्या ऑफिसांनी ईमेल म्हणजे काय ते याच प्रोग्रॅमवर पाहिलं असेल.

आउटलुक एक्स्प्रेस मेल कुठे ठेवतं, हे मात्र त्याने कधी कुणाला आपणहून सांगितलं नाही. प्रत्येक फोल्डरची एक फाइल, शेवटी डीबीएक्स. इनबॉक्सची एक, पाठवलेल्यांची एक. आणि या फाइली दडलेल्या कुठे? डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात वापरणाऱ्याचं नाव, त्यात लोकल सेटिंग्ज हा लपवलेला फोल्डर, त्यात आणखी पाच पायऱ्या खाली, महिरपी कंसात आकडे-अक्षरं असलेल्या एका फोल्डरच्या पोटात. लोक 'माय डॉक्युमेंट्स'ची सीडी राइट करून घ्यायचे आणि सगळं घेतलं म्हणून निर्धास्त व्हायचे. टपाल त्यात नसायचंच. पत्त्यांची वही वेगळ्या फाइलीत, खात्यांची माहिती तिसऱ्याच ठिकाणी.

त्यात भारनियमन. ज्यांनी त्या वर्षांतलं विदर्भातलं भारनियमन भोगलं नाही, त्यांना पुढची गोष्ट गमतीची वाटेल. एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर आउटलुक एक्स्प्रेस 100 वेळा बंद केलं की एक चौकट यायची : जागा वाचवण्यासाठी मेल कॉम्पॅक्ट करू का? माणूस घरी जायच्या घाईत 'ओके' म्हणायचा. काम निम्म्यावर आलं की वीज जायची, किंवा तो स्वतःच बटण बंद करायचा. दुसऱ्या दिवशी इनबॉक्स रिकामा. शेजारच्या एका ऑफिसात हे घडलं तेव्हा मला बोलावणं आलं. कॉम्पॅक्ट करताना प्रोग्रॅम जुन्या फाइलची प्रत रिसायकल बिनमध्ये टाकतो, हे मला वाचून माहीत होतं. ती तिथे असेल, नाव बदलून परत ठेवता येईल, अशा आशेने गेले. तर तिथल्या मुलाने सकाळी सकाळी संगणक 'साफ' केला होता. कचऱ्याची टोपली आधी रिकामी करायची आणि मग माणूस बोलवायचा, हा क्रम मी नंतरही अनेक ऑफिसांत पाहिला.

एका डीबीएक्स फाइलची मर्यादा होती 2 जीबी. दाव्यांचे स्कॅन केलेले कागद जोडून येऊ लागले तसा आमचा इनबॉक्स फुगत गेला. 2009 मध्ये सरांचा पुतण्या, तेव्हा इंजिनिअरिंगला होता, त्याने थंडरबर्ड बसवून दिलं. हा प्रोग्रॅम मोझिलाचा, फायरफॉक्सवाल्यांचा. पहिली आवृत्ती डिसेंबर 2004 मधली. फुकट आणि मुक्त. पुतण्याने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. आउटलुक एक्स्प्रेस ज्या यंत्रावर चालू होतं त्याच यंत्रावर थंडरबर्ड बसवून तिथल्या तिथे मेल आयात केले. त्याच वर्षी विंडोज 7 आलं आणि त्यात आउटलुक एक्स्प्रेस नव्हतंच. डीबीएक्स फाइली पेनड्राइव्हवर घेऊन नवं यंत्र विकत घेणाऱ्यांना त्या उघडायला हत्यार शोधत फिरावं लागलं.

दुसरी गोष्ट त्याने केली तिचं फळ आम्ही सोळा वर्षांनी पाहिलं. टपाल त्याने डी ड्राइव्हवर ठेवलं.

नागपुरात, आणि मला वाटतं सगळ्याच गावांत, संगणक जुळवून देणारा माणूस डिस्कचे तुकडे पाडून देतो : सी, डी, ई. सी वर विंडोज, डी वर कामाचं, ई वर गाणी-सिनेमे. यामागचं तत्त्व सीताबर्डीच्या मोदी नंबर तीन या गल्लीतल्या दुकानात मला एका भाऊने समजावलं होतं : "मॅडम, व्हायरस आला, का मशीन स्लो झालं, की मी सी फॉरमॅट मारून देतो. डी ले हात नाही लावत जी. तुमचं महत्त्वाचं डी मध्ये ठेवत जा, टेन्शन नाही." म्हणजे विंडोज बिघडणारच, आणि त्यावर फॉरमॅट हाच उपाय, हे गृहीत. पुतण्याने याच हिशेबाने थंडरबर्डमधल्या खात्याचा 'लोकल डिरेक्टरी' हा रकाना बदलून तिथे डी ड्राइव्हवरचा फोल्डर दाखवला.

2014 च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीला टाळं लावलं, तेव्हा नवं यंत्र घेतलं. दुकानातल्या माणसाने जुन्या डिस्कवरचा डी सगळा उतरवून दिला, आणि सी, अर्थातच, फॉरमॅट मारला. मेल आले. पण पत्त्यांची वही, सह्या, पासवर्ड, हे सगळं सी वर होतं. थंडरबर्ड हा ऐवज 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतं आणि ते प्रोफाइल एक्सपीत सी वरच्या अ‍ॅप्लिकेशन डेटा आणि पुढच्या विंडोजमध्ये अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरात असतं. डी सुरक्षित राहिला, मधला मेंदू गेला. ऑफिसचे कारकून मुन्शीजी, त्यांनी जुन्या डायरीतून पत्ते पुन्हा भरून काढले. "कागदाची वही होती म्हणून वाचलो जी," हे ते अजून ऐकवतात.

तेव्हापासून मी दर महिन्याच्या शेवटी बाहेरच्या हार्ड डिस्कवर दोन्हीची प्रत घेऊ लागले : सी वरचं प्रोफाइल आणि डी वरचं टपाल. आणि मग 23 सप्टेंबर 2023 ची ती रात्र आली.

नागपूरकरांना तारीख सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. शनिवारी पहाटेच्या आधी काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर असं घराघरांत शिरत सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत गेलं. लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय टाकून. त्यांच्या मानाने आमचं नुकसान काहीच नाही. ऑफिसात वीतभर पाणी आणि वर चिखल. सीपीयू वाचला, कारण आमच्या कूलरची टाकी गळते आणि उन्हाळ्यात फरशी ओली होते म्हणून मुन्शीजींनी तो एका लाकडी स्टुलावर चढवून ठेवला होता आणि उन्हाळा सरल्यावर उतरवला नव्हता. बुडालं काय, तर कपाटाचा सगळ्यात खालचा खण. त्यात कोर्ट फी स्टँप, कोरे वकालतनामे आणि बॅकअपची हार्ड डिस्क.

मूळ राहिलं आणि प्रत गेली. प्रत मुळाशेजारीच ठेवली तर दोघांचं नशीब एकच असतं. यावेळी खण आणि स्टूल यांच्यातल्या दीड फुटाने फरक पडला इतकंच. आता एक डिस्क सरांच्या घरी लक्ष्मीनगरला दुसऱ्या मजल्यावर असते, एक ऑफिसात सगळ्यात वरच्या फळीवर, आणि महिन्याला त्यांची अदलाबदल होते. ज्यांना वाटतं की मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर हे प्रश्न नसतात, त्यांच्यासाठी एक जुनी बातमी : फेब्रुवारी 2011 मध्ये एका सॉफ्टवेअर-दोषामुळे जीमेलच्या काही हजार वापरणाऱ्यांचे मेल एका रात्रीत दिसेनासे झाले. गूगलकडे वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंतही पोचला होता. शेवटी मेल परत आले ते चुंबकीय फितीवरून, कारण ती फीत जोडणीबाहेर ठेवलेली होती.

आता वकिलाच्या ऑफिसला मेलचं एवढं काय, कागद छापून ठेवले की झालं, असं कुणी म्हणेल. बरीच वर्षं सगळे तसंच करत होते. मेलची प्रिंट काढायची, पंच मारायचा, फाइलला लावायची. पण प्रिंट म्हणजे मेल नव्हे, हे न्यायालयाने आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात पक्कं करून टाकलं. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी 3 ची मुदत उलटून गेल्यावर घेतला गेला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण ते दाखवतं. औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला तो चित्रीकरणाच्या सीडीचा : भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र सोबत नसेल तर ही प्रत पुरावा म्हणून चालेल का? 14 जुलै 2020 च्या निकालाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने पिंजऱ्यात उभं राहून ते आपलं असल्याचं सिद्ध केलं, तर मात्र गरज नाही.

1 जुलै 2024 पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आणि 65-ब चं काम आता कलम 63 करतं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे. त्याचे दोन भाग, एक पक्षकाराने भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि दोन्हीत दाखल करायच्या फाइलची हॅश लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी आकडा पार बदलतो. विंडोजमध्ये तो काढायची सोय आधीपासून आहे, विकत काही घ्यावं लागत नाही.

आमच्याकडे एका कापूस व्यवहाराचा जुना दावा आहे. समोरच्या बाजूने म्हटलं, हा मेल आम्ही पाठवलाच नाही, प्रिंट बनावट आहे. दावा चालू असल्यामुळे जास्त लिहीत नाही. पण तेव्हा कामाला आली ती थंडरबर्डची साठवण. मेलवर उभं राहून कंट्रोल आणि यू दाबलं की त्याचा कच्चा मजकूर दिसतो. तो कुठल्या सर्व्हरवरून कुठे, किती वाजून किती मिनिटांनी गेला, त्याच्या ओळी एकाखाली एक, प्रत्येक मेलचा स्वतःचा वेगळा क्रमांक, आणि पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ भारतीय प्रमाणवेळेसह. हे प्रिंटमध्ये येत नाही, मोबाइलच्या स्क्रीनशॉटमध्ये तर नाहीच नाही. पुढे कधी लागेल म्हणून मेल जपायचा असेल तर तो या रूपात जपायला हवा. म्हणून ऑक्टोबरातल्या स्थलांतरात माझी एकच अट होती : टपाल पोचलं पाहिजे ते जसंच्या तसं, पुन्हा कुणाला फॉरवर्ड न करता, पीडीएफ न बनवता.

स्थलांतराचं कारण नेहमीचंच. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, आणि आमचं यंत्र विंडोज 11 ला चालत नव्हतं. सरांनी लॅपटॉप घेतला. दुकानातला मुलगा म्हणाला, "डेटा आम्ही टाकून देतो ना मॅडम, काहून त्रास घेता?" 2014 आठवून मी नको म्हटलं.

थंडरबर्डच्या साठवणीतली चांगली गोष्ट अशी की तिच्यात गुपित काही नाही. प्रत्येक फोल्डरची एक फाइल, तिला शेपूट नाही, नुसतं 'इनबॉक्स' किंवा 'सेंट'. आत सगळे मेल एकाखाली एक, साध्या मजकुरात. युनिक्सच्या काळापासून चालत आलेली एमबॉक्स नावाची पद्धत. नोटपॅडमध्येही उघडतं, मोठी असेल तर नोटपॅड दमतं इतकंच. शेजारी त्याच नावाची एमएसएफ शेपटाची छोटी फाइल असते, ती फक्त सूची. ती हरवली, बिघडली तरी चिंता नाही, थंडरबर्ड नवी बनवतं. एक गंमत अशी, की पुसलेला मेल मोठ्या फाइलीतून लगेच जात नाही, त्यावर फक्त खूण पडते. फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावर तो खरोखर जातो. वकिलांनी यातून घ्यायचा तो अर्थ घ्यावा.

सुरुवातीला थंडरबर्ड पूर्ण बंद केलं. हे सांगण्यासारखं वाटणार नाही, पण प्रोग्रॅम उघडा असताना प्रत घेतली तर मेल उतरता उतरता अर्धी फाइल उचलली जाते. मेनूत 'एक्स्पोर्ट' आहे, पण ते 2 जीबीपर्यंतच्या प्रोफाइललाच चालतं. आमचं टपाल त्याच्या कितीतरी पुढे. म्हणून हातानेच. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत अ‍ॅपडेटा हा शब्द दोन टक्के-चिन्हांच्या मधे लिहिला की तो लपवलेला फोल्डर उघडतो. त्यात थंडरबर्ड, त्यात प्रोफाइल्स, त्यात आठ निरर्थक अक्षरांनी सुरू होणारा फोल्डर. तो अख्खा उचलायचा. पत्ते, पासवर्ड, पासवर्डांची किल्ली, सगळं त्यातच. त्यामुळे ती डिस्क कुणाच्या हाती देऊ नये हे ओघाने आलंच.

पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर पाठवलेल्या मेलची फाइल घेईना. पेनड्राइव्ह 64 जीबीचा, जागा भरपूर रिकामी, तरी 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप. मुन्शीजींना वाटलं पेनड्राइव्ह नकली आहे. मोदी नंबर तीनचा अनुभव त्यांना माझ्याहून जास्त. पण कारण वेगळं होतं. पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने आखलेला होता आणि त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही. तो एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केला आणि फाइल मुकाट्याने गेली. फॉरमॅटला मी चांगलं म्हटलेली ही एकच वेळ.

नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड बसवताना आवृत्ती बघावी लागते. जुन्या यंत्रावरची आवृत्ती नव्यापेक्षा पुढची असेल तर थंडरबर्ड ते प्रोफाइल उघडायला नकार देतं. आमची दोन्हीकडे सारखी होती. नवं रिकामं प्रोफाइल बनवलं, थंडरबर्ड बंद केलं, जुन्या फोल्डरच्या पोटातलं सगळं त्यात ओतलं. आणि उघडण्याआधी वायफाय बंद केलं. ही सवय मी कुणालाही लावून घ्यायला सांगेन. पॉपवाल्या खात्यात आधीचे मेल जागेवर आलेत की नाहीत हे बघण्याआधीच थंडरबर्ड सर्व्हरकडे धावलं, तर नवे मेल भलत्याच ठिकाणी उतरतात आणि मग दोन ढीग एकत्र करत बसावं लागतं.

उघडलं. खाती होती, पत्ते होते, सरांची सही होती. इनबॉक्स रिकामा.

"मॅडम, टपाल काहीच दिसून नाही राहिलं," मुन्शीजी म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप डायरीकडे गेला.

कारण सोळा वर्षं जुनं होतं. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये अजून लिहिलेलं होतं की टपाल डी ड्राइव्हवर आहे. नव्या लॅपटॉपला डी नव्हताच. हल्ली कंपनीकडून येणाऱ्या यंत्रात एकच सी असतो, तुकडे पाडत नाहीत. थंडरबर्ड बिचारं नसलेल्या घराच्या दारात उभं होतं. टपालाचा फोल्डर प्रोफाइलमध्येच आणून ठेवला, खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये खाली 'लोकल डिरेक्टरी' असते तिथे नवी जागा दाखवली, बंद करून पुन्हा उघडलं. मेल भराभर येऊ लागले. काही फोल्डरांत तारखा उलटसुलट दिसल्या, तिथे फोल्डरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, 'रिपेअर फोल्डर'. पुतण्याला फोन केला तर त्याला आठवतही नव्हतं. तो आता पुण्यात असतो आणि जीमेल वापरतो.

त्या फोल्डरसोबत पॉपस्टेट नावाची एक छोटी फाइल येऊ द्यायची असते. सर्व्हरवरचे कुठले मेल आधीच उतरवलेत याची नोंद तिच्यात असते. ती राहिली तर सर्व्हरवर शिल्लक असलेले सगळे पुन्हा एकदा उतरतात आणि प्रत्येक नोटिशीच्या दोन-दोन प्रती होतात. आणि अँटिव्हायरस. त्याला प्रोफाइलचा फोल्डर तपासणीतून वगळायला सांगावं. सगळे मेल एकाच फाइलीत असल्यामुळे एका मेलमध्ये काही सापडलं तर तो अख्खा इनबॉक्स उचलून कोंडून ठेवू शकतो. येणाऱ्या मेलला जोडलेली फाइल उघडताना तो तपासतोच.

शेवटची अडचण मराठीची निघाली. 2010 च्या अलीकडचे मेल नीट दिसले. त्याआधी तालुक्याच्या ठिकाणांहून, यवतमाळ-वणीकडून, आलेले अर्जांचे मसुदे कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले. युनिकोड घरोघरी पोचण्याआधीचे. नव्या लॅपटॉपवर ते फाँट नाहीत, त्यामुळे मेलला जोडलेली वर्डची फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. ते बिघडलेलं नसतं. फाँट बसवला की मराठी जागच्या जागी येतं. श्रीलिपीत टाइप करायला त्या प्रोग्रॅमचं कुलूप (डाँगल) लागतं, पण वाचायला नुसता फाँट पुरतो. जुन्या यंत्राच्या विंडोज फोल्डरमधून फाँटचा फोल्डरही उचलून आणला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या ऑफिसने यंत्र बदलताना टपालाइतकंच हे फाँट जपावेत, कारण काही वर्षांनी ते शोधूनही मिळणार नाहीत आणि पंचनामे मात्र त्यांच्यातच लिहिलेले असतील.

मग तपासणी. दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून मुन्शीजी फोल्डरचं नाव आणि मेलची संख्या वाचत गेले, मी नव्यावर ताडत गेले. प्रत्येक फोल्डरमधला सगळ्यात जुना मेल, मधला एखादा आणि त्याची जोडलेली फाइल उघडून बघितली. पेनड्राइव्हवरच्या मोठ्या फाइलींची हॅश नव्या यंत्रावर उघडण्याआधीच काढून कागदावर लिहून ठेवली होती, कारण थंडरबर्डने एकदा फाइल उघडली आणि कुठला मेल वाचला म्हणून खूण केली की हॅश बदलते. तो कागद फाइलला लावला आहे, खाली तारीख आणि मुन्शीजींची सही. मुन्शीजींना हॅश काय ते कळलं नाही, पण नोंदवहीत चढवल्याशिवाय कागद हलू द्यायचा नाही हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत आहे.

त्यानंतर एकदा सरांच्या घरची डिस्क एका तिसऱ्याच संगणकाला, माझ्या घरच्या, लावून टपाल उघडून पाहिलं. उघडलं. जे बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेलं नाही, त्याला मी बॅकअप म्हणत नाही.

जुना संगणक विकायला सर तयार नाहीत. कापसाचा दावा संपेपर्यंत तो ठेवायचा, इंटरनेट न जोडता. मूळ यंत्र लागलंच तर हजर करता यावं. तो आता स्टुलावर नाही, कपाटाच्या माथ्यावर आहे. ज्यांची ऑफिसं नाग नदीच्या दोन्ही अंगांना तळमजल्यावर आहेत त्यांना एवढंच सांगणं, की पुढच्या पावसाळ्याआधी बॅकअपची डिस्क खालच्या खणातून काढा आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी घरी ठेवून या.